ऑफसाइटचं ठिकाण नंतर शोधा, आधी प्रश्न ठरवा

प्रश्न : मी एका कंपनीत २२ जणांची टीम सांभाळते. निम्मी माणसं ऑफिसात असतात, बाकीची वेगवेगळ्या गावांतून, घरूनच काम करतात. त्यांतल्या काहींना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही. दोन महिन्यांनी टीमला दोन रात्रींसाठी ऑफसाइटला, म्हणजे ऑफिसबाहेर एकत्र न्यायचं, असं वरून ठरलं आहे आणि सगळी आखणी माझ्याकडे आली आहे. मागची ऑफसाइट दुसऱ्या कुणी आखली होती. अख्खा दिवस प्रेझेंटेशन, संध्याकाळी सक्तीचे खेळ, रात्री उशिरापर्यंत पार्टी आणि दुसऱ्या दिवशी सगळे पेंगुळलेले. भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा फोटो ग्रुपवर आला, पुढे काहीच झालं नाही. आता टीममध्ये 'पुन्हा तेच' असा सूर आहे. एका सहकारी बाईंचं मूल लहान आहे, त्या येणार नाही म्हणतात. एक जण तर स्पष्टच म्हणाला, 'त्यापेक्षा दोन दिवस सुट्टी द्या.' वरिष्ठांना मात्र टीम बाँडिंगही हवं आहे आणि पुढच्या वर्षाचं नियोजनही. मी ठिकाणं शोधायला घेतली आहेत, पण त्यात मन लागत नाही. कुठून सुरुवात करू?
— एक टीम लीड

उत्तर :

ठिकाणाचा शोध आठवडाभर थांबवा. कशासाठी जायचं हेच ठरलेलं नसताना कुठे जायचं हे ठरत नाही, म्हणून तुमचं मन लागत नाहीये. डोंगर की समुद्र यावर प्रत्येकाला मत असतं, त्यामुळे ती चर्चा आपोआप पुढे येते आणि अवघड चर्चा मागे राहते.

'त्यापेक्षा सुट्टी द्या' हे वाक्य मनाला लावून घेऊ नका, पण कानाआडही करू नका. त्या सहकाऱ्याने तुम्हाला एक रास्त अट सांगितली आहे: माझा एवढा वेळ घेणार असाल, तर त्याचं चीज झालं पाहिजे. प्रत्येक सत्र आखताना हीच कसोटी लावा. हे काम ई-मेलवर होईल का? व्हिडिओ कॉलवर तासाभरात उरकेल का? होणार असेल तर तिथेच करा आणि ऑफसाइटच्या यादीतून काढून टाका. शेवटी फार थोडं उरेल. त्या थोड्यासाठीच माणसांना घरदार सोडून एका छताखाली आणायचं असतं.

साधारणपणे तीन गोष्टी उरतात. ज्यात प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागणार आहे असा एखादा निर्णय. दोन गटांमधली जुनी कुरबूर, जी चॅटवर लिहिली की आणखी चिघळते. आणि एरवी कधीच न भेटणाऱ्या माणसांची ओळख. दोन रात्रींत तिन्ही तडीस जात नाहीत. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्ही ओळख आणि एक निर्णय एवढंच घ्यावं. मात्र चौकशी केल्यावर आत काही धुमसतंय असं कळलं, तर आधी तेच हाती घ्या. मनात अढी असलेल्या लोकांकडून होणारं नियोजन तोंडदेखलं असतं.

'पुढच्या वर्षाचं नियोजन' हा विषय आहे, त्यात प्रश्न नाही. तो प्रश्न होईपर्यंत त्याला सोडू नका. 'आत्ता चालू असलेल्या कामांपैकी कोणती दोन बंद करायची?' हा प्रश्न झाला. 'नवीन माणसाला काम स्वतःच्या जोरावर करता यायला आपल्याकडे इतका वेळ का लागतो आणि तो निम्म्यावर कसा आणायचा?' हाही झाला. चांगला प्रश्न ओळखायची खूण म्हणजे त्याचं उत्तर ऐकून टीममधल्या कुणाचं तरी सोमवारचं काम बदलतं.

हा प्रश्न तुम्ही एकटीने ठरवू नका. प्रत्येकाशी वेगवेगळं, पंधरा मिनिटं बोला. २२ जणांचे साडेपाच तास होतात, दोन आठवड्यांत सहज बसतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे तास हेच आहेत. 'कुठे जायला आवडेल?' असं विचारू नका. 'आपल्या कामात असं काय आहे, जे सगळ्यांसमोर बोलायला हवं पण कुणी काढत नाही?' असं विचारा. 'परतताना कोणती गोष्ट मार्गी लागलेली असली, तर तुम्हाला येणं सार्थकी लागलं असं वाटेल?' हेही विचारा. आणि तिसरं, हळूच: 'यायला काही अडचण आहे का? सांगायलाच हवं असं नाही, पण सांगितलंत तर आखणी त्याप्रमाणे करता येईल.' समोरचा बोलत असताना लिहून घ्या आणि वाद घालू नका. तीच तक्रार सहा जणांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत आली की तुमचा प्रश्न सापडला.

मग वरिष्ठांकडे जा. त्यांच्याकडून एकच गोष्ट स्पष्ट करून घ्यायची: या निर्णयात टीमच्या हातात नेमकं किती आहे? शेवटचा शब्द टीमचा आहे, की टीम शिफारस करणार आणि ते ठरवणार? दोन्ही चालतं. न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वर आधीच ठरलेला निर्णय टीमच्या तोंडून वदवून घेणं. लोकांना ते पहिल्या तासातच कळतं आणि पुढच्या कुठल्याही बैठकीत ते मनापासून बोलत नाहीत. निर्णय झालेलाच असेल, तर तो तसा जाहीर करावा आणि तो अमलात कसा आणायचा यावर चर्चा ठेवावी. वरिष्ठांना आणखी एक सांगा: चर्चेत त्यांनी शेवटी बोलायचं. साहेबांचं मत आधी आलं की खोलीतली बाकीची मतं त्याच्या आसपास गोळा होतात. हे सांगणं अवघड वाटेल, पण निघायच्या आधीच सांगा. भर बैठकीत सांगता येणार नाही.

आता त्या लहान मुलाच्या आईबद्दल. त्यांचं 'येणार नाही' हे उत्तर तुम्ही काहीच न ठरवता आलेलं आहे, म्हणजे ते मागच्या अनुभवाला दिलेलं उत्तर आहे. तारीख आणि अंतर नक्की करण्याआधी त्यांच्याकडे जा आणि काय असेल तर जमेल ते विचारा. फक्त दिवसा येऊन संध्याकाळी परतणं, मुलाला आणि सोबत घरच्या कुणाला तरी घेऊन येणं, एकच दिवस येणं, यांपैकी काहीतरी बहुधा जमतं. त्याचा खर्च कंपनीने करावा, त्यांनी मागायची वेळ येऊ देऊ नये. एवढं करूनही त्या नाही म्हणाल्या, तर तो विषय तिथेच संपवा. न येण्याचं कारण कुणालाही सगळ्यांसमोर द्यावं लागता कामा नये आणि न येण्याचा परिणाम मूल्यमापनावर होणार नाही, हे लेखी कळवा. आजारी आईवडील, व्यंग, श्रद्धा, घरातला ताण, रात्री बाहेर राहण्याची भीती... माणसांची कारणं बहुतेक वेळा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जे येणार नाहीत त्यांच्यासाठी कोपऱ्यात कॅमेरा लावून दोन दिवस त्यांना पडद्यावर बसवू नका. ते ना घरी राहतात, ना खोलीत. त्यापेक्षा त्यांचं म्हणणं आधी लेखी घ्या, ते वाचून दाखवायला एकाला नेमा आणि निर्णय पक्का होण्याआधी त्यांना फोन करा.

दिवस कामाचेच घ्या. शनिवार-रविवार घेऊन त्याला 'टीमसाठी भेट' म्हणू नये. प्रवासही कामाच्या वेळेत धरा. खर्च आधी आपल्या खिशातून करून मग बिलं लावायची पद्धत ठेवू नका. महिनाअखेरीला ते सगळ्यांना सारखं झेपत नाही.

या सगळ्यानंतर ठिकाण. त्याच्याबद्दल मी फारसं सांगणार नाही, कारण बऱ्यापैकी कुठलंही चालतं. बहुतेकांना अर्ध्या दिवसाच्या आत पोहोचता यावं. खोलीत उजेड असावा, टेबलं हलवता यावीत, भिंतीवर कागद चिकटवायची परवानगी असावी. जाहिरातीतले फोटो पाहून ठरवू नका. रिकाम्या सभागृहाचा व्हिडिओ मागवा. जिना चढू न शकणाऱ्यालाही सगळीकडे जाता यायला हवं. शिवाय औषध घ्यायला, प्रार्थनेला, बाळाला पाजायला किंवा नुसतं गप्प बसायला एक छोटी खोली मोकळी हवी. आणि शक्यतो प्रत्येकाला स्वतंत्र झोपायची खोली. बजेट कमी पडलं तर एक रात्र कमी करा, पण नुसत्या तोंडओळखीच्या दोन सहकाऱ्यांना एका खोलीत कोंबू नका.

आता वेळापत्रक. मागच्या वेळचं घोडं इथेच अडलं होतं असं दिसतं. दिवसाला चार, फार तर साडेचार तास कामाची बैठक, त्याहून जास्त नाही. अवघड विषय सकाळी. जेवणानंतरच्या दोन तासांत शरीर आपोआप सुस्तावतं; तेव्हा बसून ऐकायचं काहीही ठेवू नका, हालचाल ठेवा. प्रेझेंटेशन सगळी काढून टाका. जी माहिती असायलाच हवी, ती दोन पानांत लिहून आधी पाठवा आणि तरीही पहिल्या सत्रात वीस मिनिटं सगळ्यांनी ती शांतपणे वाचायची, असं ठरवा. आधी न वाचलेल्यांवर चिडण्यापेक्षा हे बरं पडतं.

२२ जण एका वर्तुळात बसून बोलतात, तेव्हा पाच-सहा जणच बोलतात. यात लोकांचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आपसूक जमणाऱ्या गप्पांची निरीक्षणं केली होती. एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. माणसं वाढली की त्याचे दोन तुकडे पडतात. म्हणून चौघाचौघांची टेबलं करा, दोन टेबलांवर तिघे येतील. एका टेबलावर शक्यतो एकाच विभागाची दोन माणसं नकोत. पहिल्या दिवसाच्या टेबलांची यादी तुम्हीच करा. मोकळं सोडलं की ऑफिसवाले ऑफिसवाल्यांजवळ बसतात आणि घरून काम करणारे कडेला राहतात.

आता त्या चिठ्ठ्या. 'चला, सुचेल ते बोला' अशी सुरुवात करू नका. सगळ्यांनी मिळून मोठ्याने कल्पना मांडायची ही रीत अमेरिकी जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी लोकप्रिय केली. पण १९५८ साली येल विद्यापीठात ती तपासून पाहिली गेली, तेव्हा वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, की त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरत होत्या. १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी याचं एक मोठं कारण दाखवलं: एका वेळी एकालाच बोलता येतं आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचा विचार अडतो, विरतो. म्हणून आधी लिहायचं, मग बोलायचं.

ते सत्र प्रत्यक्षात असं चालवा. प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. फोन बाजूला. प्रत्येकाच्या हाती जाड पेन आणि चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, नाव नाही. दहा मिनिटं पूर्ण शांतता. चौथ्या मिनिटाला पेनं थांबतात, लोक इकडेतिकडे बघू लागतात, कुणीतरी हलकं काही बोलून शांतता मोडू पाहतं. तिथे सत्र चालवणाऱ्याने ती मोडू देऊ नये. वेळ शिल्लक आहे एवढंच सांगावं. सहज सुचणारं तोवर लिहून झालेलं असतं, आतलं त्यानंतर येतं. मग चौघांनी आपापल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या एकत्र करायच्या आणि त्यांतल्या तीनच घेऊन भिंतीपाशी यायचं. तीन निवडताना टेबलावर जो वाद होतो, त्यासाठीच तर हे सत्र. भिंतीवर साधारण १८ चिठ्ठ्या येतील. त्या वाचता येतात, त्यांवर बोलता येतं. शेकडो चिठ्ठ्यांचा फक्त फोटो काढता येतो.

माणसं खरं बोलतील का, ही तुमची धास्ती असेलच. माणसं एकत्र काम कशी करतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला होता, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या चमूंच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा कयास होता. आकडे उलटे आले. चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. उलगडा असा, की तिथे माणसं चूक झाली तर सांगत होती, इतरत्र झाकत होती. तुमच्या ऑफसाइटमध्ये तक्रारी बाहेर आल्या, तर बेत फसला असं वरिष्ठांना वाटू शकतं. त्यांना हा अभ्यास आधीच सांगून ठेवा. बोललेलं बाहेर कसं न्यायचं, याचाही नियम करा. लंडनच्या चॅथम हाउस या संस्थेने १९२७ साली घालून दिलेला नियम आजही जगभर वापरतात: इथे ऐकलेली माहिती वापरायला हरकत नाही, पण ती कुणी सांगितली हे उघड करायचं नाही. सत्राच्या आरंभी तो वाचून दाखवा आणि वरिष्ठांनीही तो मान्य केल्याचं सगळ्यांसमोर म्हणावं.

चर्चा तुम्ही स्वतः चालवू नका. टीमची प्रमुख म्हणून तुमचं मत असणार, ते असायलाही हवं. पण मत असलेल्या माणसाच्या हाती घड्याळ आणि खडू दिला की तोल जातो. दुसऱ्या विभागातला एखादा शांत, वेळेचा पक्का सहकारी मागून घ्या. बाहेरच्या व्यावसायिकाचीच गरज असते असं नाही. जुनी कुरबूर हाताळायची असेल तर मात्र बाहेरचाच घ्या.

खेळांविषयी माझं मत ठाम आहे: सक्ती नको. डोळे बांधून मागे पडायचं, सगळ्यांसमोर नाचायचं, आपलं गुपित सांगायचं, यातून जवळीक होत नाही. ज्यांना ते आवडतं ते आधीच मोकळे असतात आणि बाकीचे सुटकेची वाट बघतात. ओळख एकत्र काहीतरी करताना होते. जेवणानंतर दोघादोघांच्या जोड्या करा, एकमेकांना कधी न भेटलेल्यांच्या. पाऊण तास चालून या किंवा सावलीत बसा, जसं झेपेल तसं. सोबत एक प्रश्न द्या: 'तुझ्या कामातला कोणता भाग बाहेरून सोपा दिसतो आणि असतो अवघड?' परत आल्यावर काही सादर करायचं नाही. ज्याच्याशी वर्षभर फक्त मेसेजवर बोललो, त्याच्या कामातली अडचण त्याच्याच तोंडून ऐकली की पुढच्या मेसेजचा सूर बदलतो. वरिष्ठांना हवं असलेलं बाँडिंग हेच आहे, त्यांना तसं सांगायला कचरू नका.

संध्याकाळ मोकळी सोडा. खरोखर मोकळी, 'ऐच्छिक' लिहून मग हजेरी बघायची नाही. मद्य ठेवायचं की नाही हे कंपनीच्या धोरणावर आहे. ठेवलं तर संध्याकाळ त्याच्याभोवती फिरू नये, ते ठरल्या वेळेला बंद व्हावं आणि न पिणाऱ्यांना कुणी आग्रह करू नये. तिथेही कामाच्या ठिकाणचेच नियम लागू असतात. काही खटकलं तर कुणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी सगळ्यांना द्या. त्या व्यक्तीने त्या रात्री पिऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवशीच्या निर्णयावर एक उलटा प्रयोग करा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ सालच्या एका लेखात तो मांडला आहे. सगळ्यांना सांगायचं: एक वर्ष उलटलं आहे आणि आपण काल ठरवलेलं पार फसलं आहे. का फसलं, ते लिहा. 'काही शंका आहे का?' असं विचारलं की माणसं गप्प बसतात, कारण शंका काढणं म्हणजे विरोध असं वाटतं. फसलं आहेच असं धरून चाललं की शंका काढणं हेच काम होऊन बसतं आणि भिडस्त माणसंही लिहितात. त्यांतली तीन-चार कारणं इतकी नेमकी असतात, की निर्णयात तिथल्या तिथे दुरुस्ती करावी लागते.

शेवटचे दोन तास राखून ठेवा, त्यांत दुसरं काही शिरू देऊ नका. प्रत्येक निर्णयापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख. 'टीम' किंवा 'सर्वजण' असं नाव चालणार नाही. ज्याचं नाव आहे त्याने स्वतः उभं राहून पहिलं पाऊल सांगायचं, तेही नेमकं: 'मंगळवारची बैठक संपली की मी अमुक यादी काढून पाठवतो.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त वेळा हातून होतं. त्याच वेळी त्याच्या हातून कोणतं जुनं काम काढून घेणार तेही तुम्ही सांगा, नाहीतर नवीन काम रोजच्या धबडग्यात बुडेल. निर्णय पाचापेक्षा जास्त झाले, तर पाचच ठेवा. बाकीचे 'आत्ता नाही' या यादीत, उघडपणे.

परतल्यावर पहिल्या सकाळी बैठका ठेवू नका. दोन दिवसांच्या आत एका पानाचं टिपण सगळ्यांना जाऊ द्या, न आलेल्यांनाही. आणि निघण्याआधीच, म्हणजे आत्ताच, परतल्यानंतरच्या ३० व्या आणि ९० व्या दिवसाच्या आसपास अर्ध्या तासाच्या दोन बैठका सगळ्यांच्या कॅलेंडरवर टाका. त्यांत प्रत्येक निर्णयाचं काय झालं, एवढंच बोलायचं. जो पुढे सरकलाच नाही आणि सरकणारही नाही, तो त्या बैठकीत सगळ्यांसमोर रद्द करा आणि का केला ते सांगा. भिजत घोंगडं ठेवलं तर पुढच्या वेळी प्रत्येकाशी ती पंधरा मिनिटं बोलायला बसाल, तेव्हा कुणी ताकास तूर लागू देणार नाही.